तो आळस नव्हे

संपादक महोदय,

स्किझोफ्रेनियाचे भास ओसरले, झोप सुधारली, तरी घरोघरी तक्रार उरतेच: ‘आंघोळीला तीनदा सांगावं लागतं, नुसता आळस!’ तो आळस नव्हे. कुठून सुरुवात करायची, पुढे काय, मध्येच फोन वाजला तर परत कुठे यायचं, ही जुळणी या आजारात विस्कटते. औषधांनी भास आणि संशय आवरतात. ही अडचण त्यांनी फारशी हटत नाही. औषध चालू ठेवायचंच, पण घराची मांडणीही बदलायला हवी.

‘आंघोळ कर’ यात सात-आठ कामं दडलेली असतात. टॉवेल, कपडे, साबण रात्रीच एका पिशवीत भरून न्हाणीघराच्या दाराला अडकवावेत. सांगायचं ते एका वेळी एकच. काहींचं घोडं सुरुवातीलाच अडतं, त्यांना समोर ठळक खूण लागते. काही मात्र दिसेल त्या वस्तूकडे भरकटतात; त्यांच्यासाठी आधी पसारा हटवावा, कपाटात चार-पाचच जोड ठेवावेत. भिंतीवरची वीस ओळींची यादी कुणालाच उपयोगी पडत नाही, थोड्या दिवसांत ती दिसेनाशीच होते. चार ओळी पुरे, त्याही काम होतं तिथेच.

गोळ्यांसाठी सात दिवसांची, सकाळ-रात्रीच्या खणांची डबी घ्यावी. ती रुग्णाने भरावी, दुसऱ्याने तपासावी. मोबाइलचा गजर अंथरुणातच बंद होतो आणि गोळी राहते. म्हणून फोन डबी आणि पाण्याच्या भांड्याशेजारीच ठेवावा. राहिलेली गोळी म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

सगळं आपणच उरकून टाकायचं, ही मायेपोटी होणारी चूक. चहा शिकवताना आधी फक्त चहा गाळायचं काम रुग्णाकडे द्यावं. ते जमलं की साखर-पत्ती, मग आधण. शेवटची पायरी हाती असली की केल्याचं फळ लगेच कपात दिसतं.

एक कळकळीची विनंती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीत स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी पाहतात. तिथे संकोचाने ‘सगळं स्वतःच करतो’ असं सांगितलं जातं आणि अडचण कागदावर येतच नाही. आधीचा आठवडाभर कोणत्या कामाला किती वेळा आठवण करावी लागली, हे वहीत लिहून ती वही सोबत न्यावी.

– मानसिक आरोग्य पुनर्वसनातील कार्यकर्ते, पुणे