न विचारता फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कबद्दल तक्रार

दिनांक : ४ सप्टेंबर २०२५
कोथरूड, पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा (डेटा रिकव्हरी विभाग), पुणे

विषय : लेखी सूचना असतानाही हार्ड डिस्क फॉरमॅट करून ‘डायब्लो टू’ या खेळाच्या सेव्ह फाइल्स नष्ट केल्याबद्दल.

महोदय,

११ ऑगस्टला मी आपल्या पुण्यातल्या शाखेत एक जुनी ४० जीबीची हार्ड डिस्क दिली. काउंटरवर मी तोंडी सांगितलं आणि पावतीच्या मागे माझ्या हाताने लिहूनही दिलं, की या डिस्कवर ‘डायब्लो टू’ नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आत ‘सेव्ह’ नावाचं फोल्डर आहे, तेवढंच पेन ड्राइव्हवर काढून द्या. बाकी काही नको. डिस्कवर काहीही लिहू नका. आपल्या माणसाने ते वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला.

२२ ऑगस्टला जीएसटी धरून ३,५४० रुपये भरून मी सीलबंद पाकीट घरी आणलं. गणपतीला भाऊ येणार होते, त्यांच्यासमोरच उघडू म्हणून मी ते तसंच ठेवलं. २८ तारखेला, दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आल्यावर, आम्ही तिघांनी, म्हणजे दोघे भाऊ आणि मी, ते उघडलं. पेन ड्राइव्ह रिकामा होता. डिस्क जोडली, तर तीही कोरी. सोबतच्या कागदावर शेरा होता : “बॅड सेक्टर रिपेअर. फुल फॉरमॅट. डिस्क ओके.”

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा आपल्या शाखेतून मला उत्तर मिळालं, “मॅडम, गेमच होता ना? पुन्हा डाउनलोड करा.” हे पत्र मुख्यतः त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. पैशांचं नंतर बोलू.

खेळ मला पुन्हा मिळेल, हे मला माहीत आहे. त्याच्या मूळ तिन्ही सीडी अजून माझ्या कपाटात आहेत. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याची नव्याने रंगवलेली आवृत्ती आली, ती आम्ही तिघांनी विकत घेतलेली आहे. आपण पुसलं ते वेगळं आहे. आम्ही तिघांनी २००१ ते २००६ या पाच वर्षांत घडवलेली नऊ पात्रं त्या फोल्डरमध्ये होती, आणि ती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

ब्लिझार्ड नॉर्थ या कंपनीने केलेला हा खेळ जून २००० मध्ये आला. आमच्याकडे तो २००१ मध्ये आला, तपकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जुळवलेल्या कॉम्प्युटरबरोबर. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या, त्यात हा एक कॉम्प्युटर आणि खेळणारे तिघं : दादा, मी आणि शिकायला साताऱ्याहून आमच्याकडे राहिलेला आत्येभाऊ. पाळ्या ठरलेल्या. गुरुवारी लाइट जायची, त्यामुळे गुरुवारची पाळी कुणालाच नको असायची.

आपल्या तंत्रज्ञांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. या खेळात पात्र म्हणजे नुसती धावसंख्या नव्हे. प्रत्येक पातळीला एक कौशल्य-गुण मिळतो, तो कुठे द्यायचा हे आपण ठरवायचं, आणि त्या काळात एकदा दिलेला गुण परत घेता येत नसे. ती सोय २०१० च्या १.१३ या पॅचमध्ये, म्हणजे खेळात नंतर केलेल्या सुधारणेत, आली. त्यामुळे आमच्या पात्रांमध्ये आमचे सगळे चुकलेले आणि जमलेले निर्णय जसेच्या तसे होते. मी पॅलडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळायचे. लवकर धावता यावं म्हणून मी ‘व्हिगर’ या कौशल्यात गुण घातले होते. दादा म्हणायचा, वाया घालवलेस. मग २००३ च्या ऑक्टोबरमध्ये १.१० पॅच आला आणि त्यात कौशल्यं एकमेकांना बळ देऊ लागली. ‘ब्लेस्ड हॅमर’ या हातोडे फेकण्याच्या कौशल्याला जोर देणाऱ्यांत नेमकं ‘व्हिगर’ निघालं. डायल-अपवर तो पॅच उतरेना, म्हणून आत्येभावाने सायबर कॅफेतून सीडीवर आणला होता. त्या रात्री माझे हातोडे गोल फिरत सुटले आणि समोरची झुंड एका दमात आडवी झाली. दादा मागे उभा राहून बघत होता. तो काही बोलला नाही, फक्त त्या दिवशीची स्वतःची पाळी त्याने मला दिली. तो पॅलडिन आता नाही.

एकच खेळ, पण तिघांना तीन तऱ्हांनी लागला होता. मला गोष्ट हवी असायची. पहिल्या ‘डायब्लो’ खेळातलं ट्रिस्ट्रम गाव दुसऱ्यात जळून गेलेलं दिसतं. तिथे जायचं तर आधी डार्क वूडमधल्या झाडाची साल आणायची, तिच्यावरच्या क्रमाने पाच दगडांना हात लावायचा, मग लाल दरवाजा उघडतो. तो क्रम दर वेळी बदलतो, म्हणून आम्ही तो कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवायचो. आत गेलं की सगळीकडे आग आणि मधोमध पिंजऱ्यात म्हातारा डेकार्ड केन. पहिल्या भागात त्याच गावाला मॅट उएलमेन या संगीतकाराच्या गिटारचं संगीत होतं. आमच्या आईला खेळातलं काही कळायचं नाही, पण तो पहिला खेळ लावला की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, आवाज जरा वाढव. दुसऱ्यात तेच गाव बेचिराख झालेलं पाहून मी रडले होते. अठरा वर्षांची होते. सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

दादाला गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. तो बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, घेऊन सरळ घुसायचा. तिसऱ्या अंकातल्या कुरास्तच्या जंगलाचा त्याला इतका राग, की नदीकाठच्या त्या वाटा संपेपर्यंत घरात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. पण त्याची खरी परीक्षा दुसऱ्या अंकाच्या शेवटी झाली. सात थडगी, त्यातलं एकच खरं, आणि त्याच्या पोटात ड्युरिएल नावाचा राक्षस. आमच्या कॉम्प्युटरला ६४ एमबी रॅम. आत पाऊल टाकलं की पडदा गोठायचा, डिस्क घरघरायची आणि चित्र दिसेपर्यंत ड्युरिएलचे दोन-तीन फटके बसलेले असायचे. खोली एवढीशी, पळायला जागा नाही, शिवाय त्याच्या गारठ्याने पाय जड. मेलं की अंगावरचं सगळं सामान तिथेच प्रेताजवळ राहतं. खेळ बंद करून पुन्हा उघडला की ते गावात मिळतं, ही युक्ती आम्हाला फार उशिरा कळली. दादा एका रविवारी सकाळी आठपासून बसला. दुपारी जेवायला उठला नाही. साडेतीनला ड्युरिएल पडला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून वर आले, एवढ्या जोरात तो ओरडला होता.

आणि आत्येभाऊ. त्याला हव्या असायच्या वस्तू. दिवाळीच्या सुट्टीत तो त्याची सॉर्सेरेस, म्हणजे जादूगारीण, घेऊन ‘नाइटमेअर’ या जास्त कठीण पातळीवरच्या अँडॅरिएल या राक्षसिणीला रोज पंधरा-वीसदा मारायचा. कशासाठी, तर ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाच्या अंगठीसाठी. ती घातली की सगळी कौशल्यं एकाने वाढतात. पण जमिनीवर पडते तेव्हा नुसती ‘रिंग’ अशी सोनेरी अक्षरं दिसतात, कुठली ते ओळखून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा निघायची ती ‘नागेलरिंग’, जी आमच्याकडे ढिगाने होती. भाऊबीजेच्या रात्री त्या अंगठीचा बारीक ‘टिंग’ आवाज झाला. तो उठला, तांब्यातलं पाणी प्यायला, परत बसला. गावात जाऊन, वस्तू ओळखून देणाऱ्या केनसमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, “ताई, तू क्लिक कर. माझा हात कापतोय.” मी क्लिक केलं. अंगठीवर माउस नेला. स्टोन ऑफ जॉर्डन होती. ती अंगठी त्याच्या सॉर्सेरेसच्या उजव्या हातात होती, ११ ऑगस्टपर्यंत.

आता आपण विचाराल, एवढं मोलाचं होतं तर इतकी वर्षं काय केलं? वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा सामान तीन नातेवाइकांकडे विखुरलं. हा सीपीयू गेला असंच आम्ही धरून चाललो होतो. नवी आवृत्ती आल्यावर कळलं, की जुन्या खेळात एकट्याने खेळलेल्या पात्राची फाइल नव्या खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवली की ते पात्र जसंच्या तसं उघडतं. आत्येभावाकडे एका जुन्या सीडीवर त्याचा लहानसा नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक, राहिला होता, तो त्याने उघडून दाखवला. त्या आवृत्तीत ‘जी’ बटण दाबलं की नवं चित्र जाऊन जुनं येतं. तो नेक्रोमॅन्सर त्याने जुन्या चित्रात आणून फोनवर आम्हा दोघांना दाखवला आणि आम्ही तिघं बराच वेळ गप्प होतो. यंदा जूनमध्ये मामांच्या माळ्यावर तो सीपीयू सापडला. डिस्क फिरत होती, आवाज करत होती, पण विंडोज सुरू होत नव्हतं. जास्त छेडायला नको, जाणत्या हातांकडे देऊ, म्हणून मी आपल्याकडे आले.

आपल्या माहितीपत्रकात लिहिलं आहे, की प्रत्येक डिस्कची आधी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली जाते आणि काम त्या इमेजवर केलं जातं, मूळ डिस्कला हात लावला जात नाही. या कामाची योग्य रीत तीच आहे. मग मूळ डिस्क फॉरमॅट झालीच कशी? आणि झाली तीही साधी झटपट नव्हे. झटपट फॉरमॅटमध्ये फायलींची यादी जाते, मजकूर बराचसा जागेवर राहतो आणि परत मिळण्याची आशा असते. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत मात्र पूर्ण फॉरमॅट केला की डिस्कभर शून्यं लिहिली जातात. माझ्याकडच्या डिस्कवर तेच झालेलं दिसतं. डेटा परत मिळवून देणाऱ्याने हे करावं, तेही मालकाने लिहून नाही म्हटलेलं असताना, याला मी चूक म्हणू शकत नाही. हा निष्काळजीपणा आहे.

माझी पहिली मागणी पैशांची नाही. काम सुरू करताना इमेज घेतली होती का, हे शोधा. घेतली असेल तर ती आपल्या सर्व्हरवर किंवा एखाद्या कामाच्या डिस्कवर अजून असू शकते. ती पुसली जाणार नाही अशी व्यवस्था हे पत्र मिळताच करा. त्यातल्या नऊ फायली मला हव्या आहेत. प्रत्येकीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन डीटूएस असं आहे. एकेक फाइल मोजक्या केबीची, नऊ मिळून मोबाइलच्या एका फोटोएवढ्याही भरणार नाहीत. फाइलचं नाव तेच पात्राचं नाव. नऊही नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत.

इमेज घेतलीच नसेल तर तसं स्पष्ट लिहून द्या. माझ्या डिस्कवर कोणत्या दिवशी, कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणाच्या सांगण्यावरून काय केलं, त्याचा लेखी अहवाल द्या. ३,५४० रुपये परत करा, कारण मी सांगितलेलं काम झालेलंच नाही आणि नको म्हटलेलं केलं गेलं. शिवाय नुकसानभरपाई म्हणून आपण काय देऊ इच्छिता, तेही लेखी कळवा. आकडा मी मुद्दाम टाकलेला नाही. आपल्या वस्तूचं मोल आपणच ठरवून मागावं, हे मला जमत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवा देणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर ती सेवेतली त्रुटी ठरते. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. शिक्का मारलेली पावती माझ्याकडे आहे.

काउंटरवरच्या ज्या मुलाने माझ्याकडून डिस्क घेतली, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याने माझी सूचना नीट वाचली होती. ती आत कामाच्या टेबलापर्यंत का पोचली नाही, हे आपण बघायचं आहे. आपल्या आतल्या कागदावर माझ्या डिस्कपुढे ‘कंटेंट : गेम्स’ एवढंच लिहिलेलं मला दिसलं. त्या एका शब्दावरून कुणीतरी ठरवलं असावं, की यात सांभाळण्यासारखं काही नाही. कुणाच्या डिस्कवर लग्नाचे फोटो असतात, कुणाच्या हिशेबाच्या वह्या. काय जपायचं हे डिस्क आणणारा सांगतो. मी सांगितलं होतं.

फॉरमॅट झालेली डिस्क मी २८ तारखेनंतर एकदाही जोडलेली नाही. ती तशीच पाकिटात ठेवली आहे. आपल्याला तपासायची असेल तर मी स्वतः घेऊन येईन, पण काम माझ्यासमोर होईल. दादा नाशिकला परत गेला आहे, आत्येभाऊ ७ तारखेपर्यंत माझ्याकडे आहे. इमेज सापडली तर रात्री कितीही वाजता फोन करा. आम्ही दोघं लगेच निघू.

आपली ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : ११ ऑगस्टच्या पावतीची दोन्ही बाजूंची प्रत, २२ ऑगस्टचं बिल, शेऱ्याच्या कागदाची प्रत, नऊ पात्रांची नावं.