समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला होता

अ‍ॅडलेड, ११ जानेवारी

ती. अण्णा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इथे सगळं ठीक आहे. अण्णांना फोनवर ऐकू येत नाही आणि मशीन कानाला लावायचं नाही, हे तुमचं भांडण मी इथून मिटवू शकत नाही. परवा अर्धा तास ओरडून सांगितलं, त्यातलं अण्णांना एवढंच कळलं की जावयाचा पाय मुरगळला. म्हणून लिहूनच पाठवते. समीरची आई वीस तारखेला नागपूरला परततायत, त्या तिथून पोस्टात टाकतील.

तर नाताळच्या सुट्टीत आम्ही आठजण मेलबर्नला जाऊन आलो. मी, निखिल आणि ईरा असे आम्ही तिघं, समीर-प्राजक्ता आणि त्याची आई, आणि माझ्या वॉर्डातली बिन्सी नि तिचा नवरा जोजो. आतल्या हायवेने गेलं तर सव्वासातशे किलोमीटर, एका दिवसाचं काम. आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो, चार दिवस लावले. आठ सीटची व्हॅन भाड्याने घेतली. गाडीच्या कागदावर दोन ड्रायव्हरांची नावं टाकली, निखिलचं आणि माझं. माझं आपलं असावं म्हणून.

पहिल्या दिवशी सांगण्यासारखं फार नाही. सरळ रस्ता, दोन्हीकडे सुकलेलं गवत, मेंढ्या. किंग्स्टन नावाच्या गावात रस्त्याकडेला शेवंडीचा सतरा मीटर उंच पुतळा आहे. आई, तू बघितला असतास तर आधी विचारलं असतंस, एवढीला टोप कुठे मिळायचा? पुढे रोब म्हणून बंदर लागलं. १८५७ साली इथे हजारो चिनी माणसं जहाजांतून उतरली. शेजारच्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं होतं, पण तिथल्या बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर लावलेला. तो चुकवायला ही माणसं इकडे उतरायची आणि तिथून खाणींपर्यंत चारशेच्या वर किलोमीटर चालत जायची. बिन्सी म्हणाली, आपण निदान विमानाने आलो. आमच्या व्हिसाच्या फिया आठवून सगळेच हसलो.

दुसऱ्या दिवशी माउंट गॅम्बियरचं निळं तळं पाहिलं. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी. थंडीत राखाडी असतं, नोव्हेंबरात निळं व्हायला लागतं. समीरच्या आईला, म्हणजे काकूंना, काही केल्या पटेना. "काहून वो, यात नीळ टाकली काय?" त्याच तळ्याचं पाणी गावाला प्यायला जातं, म्हटल्यावर तर नाहीच पटलं. त्यानंतर राज्याची हद्द ओलांडली आणि घड्याळ अर्धा तास पुढे गेलं. होय अण्णा, अर्धाच तास. तुमचे एसटीतले टाइमकीपर असते तर त्यांनी नोंद कशी केली असती कोण जाणे. पोर्टलंडजवळ पवनचक्क्या दिसल्या, थेट आपल्या देवगडसारख्या. क्षणभर वाटलं, वळणापलीकडे जेटी लागेल.

दुपारी मासे खाल्ले. इथे तळलेल्या माशाला बटाट्याच्या फोडी लावून कागदात गुंडाळून देतात. 'फ्लेक' म्हणून मागवलं, तोंडात घातलं आणि ओळखलं. मोरी! आपण मोरीचं मटण करतो तिखटजाळ, आणि ह्यांनी ती पिठात बुडवून मीठ भुरभुरवून दिलेली. ताजी होती, पण वाया घालवली म्हणायची.

संध्याकाळी पोर्ट कॅम्पबेलला पोचलो आणि तसेच पुढे 'बारा प्रेषित' बघायला गेलो. समुद्रात उभे राहिलेले चुनखडीचे सुळके. लाटा खालून कडा खातात, आधी गुहा होते, मग कमान होते, कमान पडली की एकटा सुळका राहतो, आणि शेवटी तोही जातो. नाव बारा, पण बारा कधीच नव्हते. नऊ होते, त्यातला एक २००५ च्या जुलैत कोसळला. आधी ह्या जागेला 'डुकरीण आणि पिल्लं' म्हणत, नंतर कुणीतरी पर्यटकांसाठी नाव सुधारून घेतलं. तिथून जवळच दोन कमानींचा एक खडक होता, लंडन ब्रिज म्हणायचे. १९९० साली त्याची किनाऱ्याकडची कमान पडली तेव्हा टोकावर दोन माणसं उभी होती. त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

तिथेच गिब्सन स्टेप्स म्हणून कड्यात खोदलेल्या ८६ पायऱ्या आहेत, खाली वाळूपर्यंत. खालून वर बघताना सुळके केवढे ते कळतं. ईरा आणि निखिल शर्यत लावून चढले आणि निखिलचा पाय मुरगळला तो इथे. हाड मोडलेलं नाही, मी स्वतः बघितलं. पण सूज आली, आणि उजवा पाय. ब्रेकवर ठेवणार कुठला? जोजोचं नाव कागदावर नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

अण्णा, दादाला अठरा वर्षं पुरी झाली त्या महिन्यात तुम्ही त्याला शिकवायला घेतलंत. मला म्हणालात, तुला कशाला, तुला कोण ना कोण नेईल. मी इथे येऊन पैसे भरून शिकले. पण खरं सांगू, त्या रात्री मला आठवत होतं ते त्या शिकवणाऱ्या बाईंचं काहीच नाही. कोल्हापूरला कॉलेजात असताना सुट्टीला तुम्ही चालवायचात त्या एसटीने यायचे, तुमच्या मागच्या सीटवर बसून. फोंडा घाटात तुम्ही काय करायचात ते सगळं बघितलं होतं. तुम्हाला वाटायचं मी झोपलेय.

तिसऱ्या दिवशी खरा रस्ता. ग्रेट ओशन रोड पूर्ण २४३ किलोमीटर. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी बांधलाय, सुमारे तीन हजार माणसांनी, न परतलेल्यांचं स्मारक म्हणून. १९१९ ला सुरू केला, १९३२ ला पुरा झाला. यंत्रं जवळजवळ नाहीत. सुरुंग, कुदळ, फावडं, एकचाकी ढकलगाडी. लॉर्नच्या पुढे रस्त्यावर लाकडी कमान आहे, शेजारी दोन सैनिकांचा पुतळा, हातात बंदूक नाही. तिथे सगळे फोटो काढत होते. मी कड्याकडे बघत बसले, कारण तो आख्खा कडा मी नुकताच उतरून आले होते आणि कुदळीने तो कसा कापला असेल ते माझ्या डोक्यात मावेना.

आधी रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो. माडाएवढे नेचे, ओली सावली आणि वळणावर वळण. ईराला उलटी झाली. मग तिला मधल्या सीटवर घेतलं, समोर बघायला लावलं आणि हातात लिंबू दिलं. काकूंनी आवळासुपारीची डबी फिरवली. बिन्सीने पण खाल्ली, जोजोने दोनदा खाल्ली. गाडी ऑटोमॅटिक, तरी उतारावर मी हाताने गिअर खाली घेतला. तुमचंच वाक्य, "ज्या गिअरान चढलंस त्याच गिअरान उतर." समीर मागून म्हणाला, इंजिन एवढं का ओरडतंय? म्हटलं, ओरडू दे, ब्रेक गार आहेत.

अपोलो बे ते लॉर्न हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा पट्टा मात्र समुद्राला चिकटून. इथेही डावीकडूनच चालवतात, पण जगभरचे लोक येतात म्हणून फोटोच्या जागांवरून बाहेर पडताना 'डावीकडून चालवा' असे बाण रंगवून ठेवलेत. मेलबर्नकडून येणाऱ्याला समुद्र डाव्या हाताला, अगदी काठाला मिळतो. सगळे म्हणतात तसंच जावं. आम्ही उलटे येत होतो, त्यामुळे समुद्र उजवीकडे, माझ्या खिडकीत. बाकीचे माझ्या डोक्यावरून माना काढून बघत होते आणि ज्याला बघायची परवानगी नाही त्यालाच सगळ्यात चांगली जागा! तुमचंही तसंच व्हायचं का हो? इतकी वर्षं त्या घाटांतून गेलात, दरी कधी बघितलीत?

मागे गाड्यांची रांग लागली. हळू जाणाऱ्याने बाजूला घ्यावं म्हणून ठरावीक अंतरावर जागा केल्यात, मी तीनदा घेतलं. निखिल म्हणाला, नको गं सारखं. मी तुमच्याच आवाजात म्हटलं, "वाट दिल्यान कोण ल्हान होणा नाय." मागचा प्रत्येकजण हात करून गेला.

जहाजाची एक गोष्ट राहिली. वॉर्नंबूलच्या म्युझियममध्ये चिनी मातीचा मोर आहे, ईराच्या डोक्याहून उंच. १ जून १८७८ ला लॉक आर्ड नावाचं जहाज ह्या किनाऱ्यावर फुटलं. ५४ माणसांतली दोन वाचली, टॉम पिअर्स नावाचा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकल. ईव्हाचे जहाजावरचे आईवडील, भावंडं सगळी गेली. मोर खोक्यातून जवळपास धड किनाऱ्याला लागला. लोकांना वाटलं आता दोघांचं लग्न होणार. ती आयर्लंडला परत गेली. काकू म्हणाल्या, "बरं केलं तिनं," आणि नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मेलबर्नमध्ये वेस्ट गेटच्या पुलावरून शिरलो. हा पूल बांधताना १९७० मध्ये पडला होता, ३५ कामगार गेले. उंच आहे, वारा गाडीला ढकलतो, पुढे सगळ्या शहराच्या इमारती एकदम दिसतात. मागे सगळे टाळ्या वाजवत होते. माझे तळहात ओले.

आणि शहरात ट्राम! रस्त्याच्या मधोमध रूळ. मधल्या भागात काही चौकांत उजवीकडे वळायचं असेल तर डाव्या लेनमध्ये जायचं, ट्रामची वाट अडू नये म्हणून. मला माहीत नव्हतं. मी शहाण्यासारखी उजवीकडे, रुळावर, इंडिकेटर लावून उभी. मागून ट्रामची घंटा वाजायला लागली ती थांबेचना. जोजो मल्याळममध्ये देवाला हाका मारत होता. शेवटी सरळ निघून गेले आणि पुढच्या चौकातून फिरून आले. हॉटेलात चावी ठेवली तेव्हा पाय लटपटत होते, हे आईला सांगू नका. अर्थात ती वाचणारच.

निखिलचा पाय आता बरा आहे. परतीला त्यानेच चालवली, आतल्या हायवेने. मी मागे झोपले.

ईराचा तुम्हाला दोघांना नमस्कार. अण्णा, मशीन लावा. आई, कोकमं काकूंच्या जावयाबरोबर पाठवलीस तरी चालतील, तो मार्चमध्ये येणार आहे.

तुमची,
शुभा

ता. क. मागच्या कोऱ्या बाजूला त्या चौकाचं चित्र काढलंय. ब अक्षराच्या जागी आपली गाडी, मधली जाड रेघ ट्राम, आणि जायचंय उजवीकडे. आधी अण्णांनी सोडवायचं, मग दादाला द्यायचं. उत्तर लगेच फोनवर ओरडू नका, लिहून कळवा.