आठ ट्रॅक म्हणजे आठ माइक नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करण्याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लॅपटॉप, इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी) आणि एखादे सॉफ्टवेअर घेतले की काम भागते, वेगळ्या मल्टिट्रॅक रेकॉर्डरच्या, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर (ट्रॅकवर) साठवणाऱ्या यंत्राच्या, मागे कुणी लागू नये, असा त्याचा रोख दिसला. एकट्याने गिटार घेऊन बसणाऱ्या मुलांना हे पटेलही. पण हा लेख आमच्यासारखी पेटी-पखवाजवाली मंडळीही वाचतात, त्यांच्यासाठी चार ओळी.

मी मिरजेचा. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मंडळातले आमचे बुवा पंचाहत्तरीला आले, तेव्हा त्यांच्या आवाजातले वीस-पंचवीस अभंग नीट जपून ठेवावेत असे ठरले. मोबाइलवर करून पाहिले. ऐकले तर नुसते टाळ, आणि टाळांच्या मागे कुठेतरी बुवा.

लॅपटॉपवरही प्रयत्न झाला. मुलाने सगळे जोडून दिले आणि तो पुण्याला निघून गेला. त्यानंतर कधी लॅपटॉपला जोडलेला माइकच सापडेना, कधी अभंग रंगात आलेला असताना पडद्यावर अपडेटची सूचना टपके. यंत्र तापले की आतला पंखा घुंऽऽ करी, तोही रेकॉर्ड होई. म्हणून म्हटले, लाल बटण दाबले की सुरू आणि परत दाबले की बंद, असे काहीतरी घ्यावे.

घेतले. बावीस हजारांचे. दुकान कुठले आणि यंत्र कुठले ते लिहीत नाही, कारण यंत्रात खोट नव्हती. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८ ट्रॅक’ लिहिले होते. मी विचारले, "म्हणजे आठ माइक लागतील ना?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हो काका, आठ." घरी आणून मागची बाजू पाहिली तर माइक लावायला जागा दोन.

त्या मुलाला ते ठाऊक नसावे, मलाही नव्हते. ट्रॅक आठ म्हणजे एकावर एक आठ थर साठवता येतात. एका वेळी किती आवाज आत घेता येतात, हा आकडा निराळा, आणि तो माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. टॅस्कॅम कंपनीच्या डीपी-००८ ईएक्स या यंत्रात ट्रॅक आठ, एका वेळी आत घेता येतात दोन. झूम कंपनीच्या आर-८ मध्येही तसेच. त्याच कंपनीच्या आर-१६ मध्ये ट्रॅक सोळा आणि एका वेळी आठ. पण तिथेही आठांपैकी दोनच माइकना ४८ व्होल्टचा वीजपुरवठा मिळतो. कंडेन्सर जातीचा माइक सहसा त्याशिवाय चालत नाही, साधा डायनॅमिक जातीचा चालतो. काही अगदी छोट्या यंत्रांत तो पुरवठा मुळीच नसतो.

मुलाने फोनवर तोडगा सुचवला. "बाबा, आधी पेटी करा, मग पखवाज, मग आवाज. सगळे असंच करतात." तेही केले. यंत्रातली लय धरायची टिकटिक लावून मी पेटी भरली. दुसऱ्या दिवशी पखवाजवाले आले, कानाला हेडफोन लावला आणि पाचव्या मिनिटाला काढून ठेवला. म्हणाले, "मास्तर, ह्यात बुवा कुठायत? मी कुणाबरोबर वाजवू?" त्यांचे बरोबर होते. आमच्या अभंगात बुवा एखाद्या शब्दावर रेंगाळतात, पखवाज त्यांना सांभाळतो, आणि शेवटी गजराला लय चढत जाते. टिकटिकीला यातले काहीच कळत नाही.

तेव्हा पहिला रेकॉर्डर घेताना यंत्राकडे नंतर बघा, आधी आपली बैठक मोजा. एकमेकांकडे बघितल्याशिवाय ज्यांचे चालत नाही, असे किती जण आहेत? आमचे गणित असे निघाले: बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन. पखवाजाला एकात भागत नाही. कणीक लावलेली धुमाची बाजू आणि शाईची बाजू यांचे आवाज इतके वेगळे, की एकाच माइकसमोर एक तरी बाजू दबते. झाले चार. मग चार-सहा माइक एकदम घेणारे यंत्र शोधायचे, त्यात ट्रॅक किती का असेनात. आम्ही पुढे आठ माइक घेणारे यंत्र वापरलेले मिळवले. नव्यापेक्षा बरेच स्वस्त पडले.

मग उरलेले ट्रॅक कशाला? टाळांना! ही गंमत मला वर्षभराने कळली. टाळ खोलीत वाजले की ते प्रत्येक माइकमध्ये शिरतात. नंतर बुवांचा आवाज वाढवायला जावे तर टाळही वाढतात. म्हणून आम्ही टाळकऱ्यांना चक्क बाहेर ओट्यावर बसवले. आधी बुवा, पेटी आणि पखवाज अशा तिघांचा अभंग पुरा केला. मग टाळकरी आत आले, त्यांनी हेडफोनवर तोच अभंग ऐकत टाळ धरले, ते वेगळ्या ट्रॅकवर गेले. लय चढती असली तरी अडत नाही, कारण समोर बुवा गातच असतात. हेडफोन मात्र कान पुरते झाकणारे हवेत, नाहीतर त्यातला आवाज बाहेर झिरपतो. आणि यंत्राला हेडफोनची खोबण एकच होती, तेव्हा वायर दुभागणारी पिन आठवणीने घ्यावी लागली.

कोरसही तसाच. मागे म्हणणारे आम्ही सहा जण. तीन वेळा म्हटले, तीन ट्रॅकवर ठेवले, अठरा जणांचे मंडळ झाले! सौ. म्हणाली, "एवढी माणसं एकादशीला का येत नाहीत?"

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी विचारावी. काही रेकॉर्डर आतले ध्वनिमुद्रण स्वतःच्याच पद्धतीने साठवतात. ते वेव्ह फाइल (संगणकाला कळणारी आवाजाची साधी फाइल) करून बाहेर काढल्याशिवाय संगणकाला दिसत नाही. दर ट्रॅकला मिनिटाला ५ एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे यंत्रातले मेमरी कार्ड भरण्याची काळजी नको. कार्ड बिघडण्याची मात्र करावी. प्रत्येक बैठकीनंतर दोन ठिकाणी नक्कल करतो.

लेखात या यंत्रांना ‘कालबाह्य’ म्हटले आहे, ते वाचून हसू आले. १९८६ च्या सुमारास मी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून एकावरची पेटी वाजवत दुसऱ्यावर गात असे. तिसऱ्या खेपेला गाण्यापेक्षा टेपची खरखर मोठी होई. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे टॅस्कॅमचे पोर्टास्टुडिओ यंत्र तेव्हा निघून सात वर्षे झाली होती. कॅसेटच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ते एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने वापरी, त्यामुळे साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपे. आमच्या मिरजेत तंबोरे-सतारी घडत होत्या, पण असले काही असते हे माझ्या कानावरही आले नव्हते.

बुवांचे एकोणीस अभंग झाले आहेत. राहिलेल्यांसाठी त्यांचा खोकला थांबायची वाट बघतोय.

ते पहिले दोन माइकवाले यंत्र विकायला काढले होते. सुटीत नात आली, तिने अडवले. "आबा, मला द्या. मी एकटीच तर आहे." चार दिवसांत तिने गिटार, आवाज, आवाजावर आवाज आणि डब्यावरचा ठेका असे आठही ट्रॅक भरले. नंतर विचारत होती, नववा कुठे टाकू?

आपला,
एक पेटीवादक, मिरज