रंगवलेल्या भिंतीखालचा ढीग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की शहरातल्या भिंती रंगायला लागतात. आमच्या शाळेमागच्या भिंतीपाशीही तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराची माणसं आली आणि दोन दिवसांत झाड, पृथ्वीचा गोल, झाडू आणि एक घोषवाक्य काढून गेली. तिथल्या विजेच्या डीपीशेजारी रात्री दुचाकीवरून जाणारे लोक पिशव्या भिरकावतात, म्हणून ती भिंत निवडलेली. महिनाभर कोपरा खरोखर स्वच्छ राहिला. मग एक पिशवी पडली, ती दोन दिवस तशीच राहिली आणि पंधरवड्यात निम्मी पृथ्वी ढिगाआड गेली. भिंतीला आलेला लोणा न खरवडताच रंग मारला होता, त्यामुळे पावसाळ्यात पोपडेही सुटले.

मी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. चित्रापाशी माणूस थांबतो यावर माझा विश्वास आहे, म्हणून त्या भिंतीचं मला फार लागलं. समोरच्या चार इमारतींपैकी एकाही घराला कुणी विचारलं नव्हतं की इथे काय काढू, रंग तुम्ही द्याल का, मुलांना पाठवाल का. तिथे रोज झाडणाऱ्या मावशींनाही नाही.

लहानपणी आई पहाटे अंगण झाडायची, सडा घालायची आणि मग रांगोळी काढायची. झाडल्याशिवाय रांगोळी काढताच येत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुसायची, पुन्हा झाडायचं, पुन्हा काढायची. अंगणात रोज कुणाचा तरी हात फिरतो हे परक्या माणसालाही लगेच कळायचं आणि तिथे काही टाकायला त्याचं मन धजायचं नाही. तीन वर्षं तेच असणाऱ्या चित्राकडे लोक बघेनासे होतात. रांगोळीचं तसं होत नाही.

गाडगेबाबा ज्या गावी जात तिथे दिवसभर खराटा चालवत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. कीर्तन ही कलाच. पण लोक ती ऐकायला बसायचे ते बाबांना आधी झाडताना पाहिलेलं असायचं म्हणून, असं मला वाटतं.

बंगळुरूत ‘द अग्ली इंडियन’ हा नाव न सांगणाऱ्या नागरिकांचा गट २०१० पासून याच वाटेने काम करतो. आधी ढीग उचलायचा, मोडलेली फरशी बसवायची आणि मग भिंत रंगवायची. खालच्या पट्ट्याला विटकरी रंग द्यायचा, म्हणजे पिचकाऱ्या आणि चिखल डोळ्यांत भरत नाहीत. त्यांचं ब्रीद आहे ‘काम चालू, मुँह बंद’. त्याच शहरात ढीग हलवलेल्या जागी रांगोळ्या काढण्याचाही प्रयोग झाला आहे.

भिंतीवर काय काढावं याबद्दलही बोलायला हवं. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवतात, ते मला बघवत नाही. दत्तगुरूंवर उडालेले पानाचे शिंतोडे मी स्वतः पुसले आहेत. धाकाने माणूस फार तर दोन हात पलीकडे जाऊन थुंकतो. तसंच वारलीचं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते. त्यातली नाचणारी माणसं उचलून सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर छापायची, हे त्या कलेचा मान राखणं नव्हे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही शेजाऱ्यांनी मिळून त्या कोपऱ्याकडे लक्ष दिलं. पहिल्यांदा झाडणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी दोन मिनिटांत दुखणं सांगितलं: घंटागाडी साडेसातला येते, मागच्या खोल्यांमधली मुलं रात्रपाळीची, ती तेव्हा झोपलेली असतात, मग उठल्यावर कचरा टाकणार कुठे? आम्ही मुलांशी बोललो. ती आता ओला आणि सुका कचरा वेगळा करून कामावर जाताना तळमजल्यावरच्या आजींच्या दाराशी ठेवतात आणि आजी सकाळी तो गाडीत देतात. एवढ्यानेच ढीग निम्मा झाला. मग भिंत खरवडली, कंबरेइतक्या उंचीपर्यंत गेरूचा रंग दिला, वरचा भाग गल्लीतल्या मुलांना दिला. त्यांनी डीपीवर बसणारे पोपट काढले आणि आजींची मांजर. समोरची जागा रोज झाडून ठिपक्यांची रांगोळी, ज्याची पाळी त्याने.

पिशव्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. मात्र पडलेली पिशवी आता दुपारपर्यंत राहत नाही, कारण पाळी असलेल्या माणसाला आधी ती उचलावीच लागते.

भिंती रंगवण्याच्या निविदा काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की रंगाआधी त्या कोपऱ्यावर कचरा कोण, केव्हा आणि का टाकतं ते झाडणाऱ्यांना विचारा. जिथे गरज आहे तिथे घंटागाडीची संध्याकाळची एक फेरी सुरू करा. निविदेच्या रकमेतला काही भाग पावसाळ्यानंतर रंगाचा दुसरा हात देण्यासाठी राखून ठेवा आणि चित्र त्या गल्लीतल्या मुलांना काढू द्या. शहरातले निवृत्त कलाशिक्षक शिकवायला येतील. मी तर येईनच. सकाळी आठनंतर मी रोज मोकळी असते, फक्त गुरुवारी आमच्या कोपऱ्यावर माझी पाळी आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका