बोटीला उशीर का होतोय ते सांगते

ती. आई-बाबा, सा. न.

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं बोट झाली का, आणि मी "होत आलीये" म्हणून विषय बदलला. आईला ते तेव्हाच कळलं असणार. आज शेडमधनं आल्या आल्या लिहायला बसलेय, सगळं नीट सांगते.

होत आली होती हे खरंच आहे. ८ मीटरची शिडाची बोट, लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवून केलेली, वरनं काचेचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणारी चिकट राळ. हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, आधी पालथा बनवतात, तो उलटवून सरळ केला, आतले आडवे पार्टिशन बसले, डेक बसलं, डेकवर कापडाचा थर राहिला होता तेवढा. त्या आठवड्यात हवा खूप दमट होती आणि रात्री गारवा. अशा हवेत इपॉक्सी कडक होताना वर एक मेणचट पापुद्रा धरतं, तो डोळ्यांना धड दिसतही नाही, हात फिरवला की साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं फक्त. साध्या पाण्याने स्क्रबर घेऊन घासलं की निघून जातो. पण न धुता पॉलिश पेपर मारला तर सगळीकडे पसरून बसतो आणि वरचा थर मग धरतच नाही. हे मीच पोरांना दहा वेळा सांगितलेलं आहे, आणि त्या दिवशी तारीख डोक्यावर होती म्हणून धुतलं का हे मी विचारलं नाही, थेट कापड अंथरायला घेतलं.

आठवड्याभराने डोलकाठीच्या जागेशी भोक पाडत होते तर कापडाची कड जराशी उचललेली दिसली. पटाशीचं टोक आत सारलं तर तळहाताएवढा तुकडा अलगद हातात आला, आणि खालचा थर चकचकीत, त्यावर ओरखडा नाही. नीट धरलेलं कापड ओढलं तर लाकडाचे तंतू उपटून घेऊन येतं, हे काचेवरचं स्टिकर निघावं तसं निघालं. मी तिथेच डेकवर बसून राहिले बराच वेळ.

तेवढीच कड परत चिकटवून रंग मारला असता तर एकदोन वर्षं कुणाला कळलं नसतं. मग कापडाखाली पाणी गेलं असतं, खालचं प्लाय कुजलं असतं, आणि ते समुद्रात कुणाच्या तरी पायाखाली असताना. त्याच संध्याकाळी बोटीच्या मालकांना फोन करून काय झालं ते सांगितलं, ते दुसऱ्या दिवशी आले, तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले काढा सगळं, मी थांबतो. हीट गनने गरम करत स्क्रेपरने सगळं डेक सोलून काढायला ११ दिवस गेले. त्यातले तास त्यांच्या बिलात नाहीत, ते माझे. उशीर तो हा.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता ना की एका वेळी दोनतीन बोटी का नाही घेत. हेच कारण आहे. तीन ठिकाणी लक्ष ठेवायला लागलं की धुतलं का हा प्रश्न विचारायचा राहतो. मी आता ठरवलंय, नवीन बोट एका वेळी एकच, मधल्या दिवसांत रिपेअरची कामं, ती दर महिन्याचं भाडं नि पगार काढतात. बोटीचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे मटेरियल अडत नाही. काळजी करू नका.

तुमच्यासारखी वही मी पण लिहिते, रोजची तारीख, काम, कुणाचे किती तास. त्या वहीनेच मला शिकवलं की हल उभा राहिला की सगळ्यांना वाटतं बोट झाली, पण आतापर्यंतच्या तिन्ही बोटींत हलचे तास एकूण तासांच्या एक तृतीयांशाच्या वर गेलेच नाहीत, बाकी सगळा वेळ आतलं सुतारकाम, वायरिंग, पाइप, हार्डवेअर, रंग यात जातो. पहिल्या बोटीला मी अंदाजाने आकडा सांगितला होता आणि त्यात किती भरडले गेले ते तुम्ही बघितलंच. आता मालकांनी मधेच काही बदल सांगितला की त्याचे तास आणि त्याचं वजन दोन्ही कागदावर येतं, त्यांची सही होते, मगच काम.

वजनाची तर वेगळी वही आहे. शेडमध्ये आलेली प्रत्येक गोष्ट आधी काट्यावर जाते, बिजागऱ्यासुद्धा. या मापाच्या बोटीत साधारण १०० किलो वाढले की ती सेंटीमीटरभर जास्त बुडते. आणि किती वजन यापेक्षा ते किती उंचावर आहे हे जास्त महत्त्वाचं. बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते, स्वीडनचं वासा नावाचं भलंमोठं लढाऊ जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत दीड किलोमीटरसुद्धा गेलं नाही, वरचा भाग जड होता, वाऱ्याच्या झोतासरशी कललं, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बुडालं. म्हणून खाली कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाखालच्या जड भागात, शिसं घालतात, टनभर शिसं जेमतेम ८८ लिटर जागेत मावतं, तेवढ्याच वजनाचं लोखंड यापेक्षा बरीच जास्त जागा खातं. आमचं कील कालच ओतून आलं. ओतकाम मी शेडमध्ये करत नाही, साच्यात थोडा जरी ओलावा राहिला तरी वितळलेलं शिसं उसळून अंगावर येतं.

आई, एक तुझ्यासाठी. व्हिडिओ कॉलवर तुला माझे हात लाल दिसले होते आणि मी साबणाने झालं म्हणाले. ते खोटं होतं. इपॉक्सीचं होतं. एकदा ही अॅलर्जी बसली की सहसा परत जात नाही म्हणे, म्हणून मला भीती वाटली होती आणि तुला सांगवलं नाही. आता नायट्रिलचे ग्लोव्हज, पूर्ण बाह्या, आणि अंगाला लागलं तर थिनरने कधीच पुसायचं नाही, थिनरने ते कातडीत आणखी आत जातं. मिसळायचं काम दुसऱ्याकडे दिलंय, मी सुतारकामच जास्त करते. चट्टे पूर्ण गेलेत, भेटलीस की हात बघ माझे.

आणि भेटायचं म्हणजे इकडेच या दोघं. पुढच्या महिन्याच्या शेवटी बोट पाण्यात सोडायची आहे. आईच्या गुडघ्यांसाठी मी रुंद पायऱ्यांचा घोडा केलाय, दोन्ही बाजूंना धरायला कठडे आहेत, चढताना त्रास नाही होणार. बाबा, तुमचा तो लांब टॉर्च आठवणीने आणा. बोट पाण्यावर टेकली की मी आधी आत शिरते, फळ्या उचलून प्रत्येक कील बोल्टच्या भोवती कोरडा कागद दाबून बघते ओला होतोय का, आणि माझे दोन्ही हात त्यात अडकलेले असतात. उजेड तुम्ही धरा.

तुमची,
लेक