ओपन बॅफल निवडताना

महोदय,

एकाच ३००बी व्हॉल्व्हवर (निर्वात नळीवर) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम ८ वॅट देतो, आणि ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे एका वॅटला मीटरभर अंतरावर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला ज्या आवाजासाठी १० वॅट लागतात, तोच आवाज ९६ डेसिबलचा स्पीकर १ वॅटमध्ये काढतो. म्हणून अशा अ‍ॅम्प्लिफायरसाठी ओपन बॅफल, म्हणजे पेटीऐवजी उघड्या फळीवर बसवलेला स्पीकर, घेताना लाकडाआधी हा संवेदनशीलतेचा आकडा विचारावा. पेटी नसल्याने मागची उलट लहर पुढच्या लहरीला छेदते, खर्ज घटतो आणि डग्गा पोकळ वाजतो. त्यावर रुंद फळी व ०.७च्या आसपास क्यूटीएस (अनुनादाच्या वेळी कंपनावर किती आवर राहतो हे सांगणारा आकडा) असलेला १५ इंची ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा शंकू, हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे हवा. मुंबईच्या खोलीत तेवढी जागा नसेल, तर उच्च संवेदनशीलतेचा पेटीबंद स्पीकरच घ्यावा.

— एक श्रोता, दादर, मुंबई