मुलाचे म्हणणे ऐकायचे राहिले

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पालकांचा अधिकार मोठा की शासनाचा, या विषयावरील आपला कालचा अग्रलेख मी सकाळी वाचला आणि रात्री पुन्हा काढून वाचला, कारण घाईत माझ्या नजरेतून काही सुटले असावे असे वाटले. काही सुटलेले नव्हते. पालकांचे म्हणणे काय आणि शासनाने कुठवर हात घालावा याचा भरपूर ऊहापोह लेखात आहे; ज्या मुलावरून हा वाद उभा राहिला, त्याला काय हवे होते याविषयी एकही वाक्य नाही.

मुलांचे हक्क मोजताना कायदा त्यांच्या कर्तव्यांचा उल्लेखही करत नाही, असे आपण लिहिले आहे. १९९० च्या आफ्रिकी बालहक्क सनदेतील एकतिसावे कलम मुलांच्या कर्तव्यांवरच आहे. आईवडिलांचा मान राखावा, गरजेला त्यांना साहाय्य करावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र वय आणि कुवत पाहून. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनेही पालकांना बाजूला सारलेले नाही. तिचे पाचवे कलम मुलाला मार्ग दाखवण्याचा पालकांचा अधिकार मान्य करते, अठरावे कलम संगोपनाची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर टाकून त्यांना मदत करणे हे शासनाचे काम ठरवते, आणि नववे कलम पालकांच्या इच्छेविरुद्ध मूल दूर नेण्याला न्यायालयीन तपासणीची अट घालते. शासनाच्या अतिरेकाची आपल्याला वाटणारी भीती मी खोटी म्हणत नाही. बालसंरक्षणासाठी नावाजलेल्या नॉर्वेलाही २०१९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात हार पत्करावी लागली, कारण एका आईचे मुलाशी असलेले नाते कायमचे तोडताना तिथल्या यंत्रणेने पुरेसा विचार केला नव्हता. परंतु माझी तक्रार बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाविषयी आहे, आणि त्याला आपण स्पर्शही केलेला नाही.

ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते, त्याला आपल्या आयुष्याशी संबंधित प्रत्येक न्यायालयीन आणि प्रशासकीय कामकाजात ते मांडण्याची संधी मिळावी आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असे हे कलम सांगते. निर्णय मुलाने घ्यावा असे ते म्हणत नाही. आई हवी की बाबा, असे कोवळ्या मुलाला विचारणे निर्दयपणाचे आहे, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण मुलाला विचारण्यासारखे तेवढेच असते का?

मी अकरा वर्षांची आणि माझा भाऊ सहा वर्षांचा असताना आमच्या आईवडिलांचा दावा उभा राहिला. ताब्याचा प्रश्न निघाला त्या दिवशी आम्ही दोघे कोर्टाच्या दाराबाहेर बाकावर बसलो होतो. माझा भाऊ बोलताना अडखळत असे. पहिले अक्षर तीन-चार वेळा येई आणि मग तो गप्पच होई. त्याला काय म्हणायचे आहे हे आईला निम्म्या वेळा कळत नसे, वडील चिडत, आणि शाळेत त्याच्या बाई मधल्या सुट्टीत मला बोलावून घेत, कारण मला ते कळत असे. आई चांगली की वडील चांगले, यावर मला काहीच सांगायचे नव्हते. माझा दोघांवरही जीव होता. कुठेही ठेवा, पण आम्हाला एका घरात ठेवा, एवढेच मला सांगायचे होते, आणि ते वाक्य मी आदल्या रात्री पाठ करून ठेवले होते. दुपारी वकील बाहेर आले तेव्हा कळले की मी आईकडे जाणार आणि तो वडिलांकडे. वर्षभरात त्याने शाळेत बोलणे जवळजवळ सोडले. आज तो पन्नाशी ओलांडलेला, भरल्या संसारातला माणूस आहे. अनोळखी फोन आला की तो अजूनही दुसऱ्याच्या हातात देतो.

मोठेपणी मी त्या निकालाची प्रत मिळवून वाचली. आईचे उत्पन्न, वडिलांची नोकरी, दोन्ही घरांतल्या खोल्या, सगळ्याची नोंद तीत आहे. आम्ही दोघे मात्र पहिल्या पानानंतर ‘अज्ञान मुले’ झालो. सज्ञान नसलेल्याला अज्ञान म्हणण्याची कायद्याच्या मराठीत रीत आहे हे मला ठाऊक आहे, तरीही त्या शब्दापाशी मी फार वेळ थांबले. भावाचे बोलणे कोणाला उमगते, ही त्या दाव्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्या इमारतीत फक्त आम्हा दोन अज्ञानांना माहीत होती. ‘ताबा’ हा शब्दही जागेचा आणि मालमत्तेचा. इंग्लंडने १९८९ च्या कायद्यात तो सोडून ‘पालकत्वाची जबाबदारी’ असा शब्द घेतला, आणि न्यायालयाने विचारात घ्यायच्या बाबींची त्या कायद्यातली यादी मुलाच्या इच्छा-भावनांपासूनच सुरू होते. नॉर्वेच्या कायद्याने सात वर्षांच्या मुलाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आणि बाराव्या वर्षापासून त्या म्हणण्याला मोठे वजन द्यायला सांगितले. भारतातील १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या सतराव्या कलमातही, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते, असे लिहिलेले आहे. आमचे सगळे बालपण त्या ‘शकते’मध्ये राहून गेले, म्हणून अग्रलेखाने हा प्रश्न ओलांडून पुढे जावे याचा मला राग आला.

आणखी एक. याच प्रकरणाची बातमी आपण आतल्या पानावर दिली आहे. मुलाचे नाव छापले नाही हे योग्यच झाले. पण त्याची शाळा, इयत्ता, वडिलांचा हुद्दा आणि राहत्या इमारतीचे नाव छापल्यावर त्याला ओळखायचे कोणाचे राहिले असेल? मुलाच्या खासगी जीवनात बेकायदा ढवळाढवळ होऊ नये, असे संहितेचे सोळावे कलम सांगते. छापलेला अंक आता परत घेता येणार नाही. ई-आवृत्तीतला हा तपशील मात्र काढता येईल, आणि तो मूल सोमवारी शाळेत जाण्यापूर्वी काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक